जस्ताचे ब्लॉक आणि मोनिका

[दृश्य: जुन्या कॉमिकचं पान, कॅमेरा एका चौकटीवर]

या रेषा बघा. जाड, गोलसर, एकमेकींपासून सुटसुटीत. बारीक छटा जवळपास नाहीतच. ब्राझीलचे कॉमिक-चित्रकार, मोनिका या पात्राचे जनक मौरिसिओ दे सोझा यांच्या आवडीचा भाग त्यात असेलच, पण छापखान्याचाही आहे.

[दृश्य: ॲसिडच्या ट्रेमध्ये जस्ताचा पत्रा]

खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांच्या छपाईत चित्र उठायचं ते जस्ताच्या ब्लॉकवरून. कॉमिकची मूळ पट्टी छापायच्या मापाच्या दीडपट-दुप्पट काढायची. तिची निगेटिव्ह लेप दिलेल्या जस्तावर ठेवून उजेड द्यायचा. उजेड लागला तिथला लेप घट्ट होतो, बाकीचा धुऊन जातो. मग पत्रा ॲसिडमध्ये. उघडं जस्त खाल्लं जातं, रेघ वर राहते.

गोम अशी, की ॲसिड खालीच नाही, रेघेच्या कुशीतही शिरतं. म्हणून पत्रा मधेमधे बाहेर काढून कडांना राळेची पूड लावायची, तापवायची, पुन्हा बुडवायचा. यात घाई झाली की बारीक रेघ तुटलीच. शेवटी पत्रा लाकडी ठोकळ्यावर ठोकायचा. उंची खिळ्याइतकीच, सुमारे 23 मिलिमीटर. कमी भरली तर चित्र फिकं, जास्त भरली तर कागदाला भोक. शिवाय चित्र लहान करताना रेघांमधली फट आकसते आणि न्यूजप्रिंटवर शाईने बुजून जाते. पट्टी काढणाऱ्याला हे सगळं टेबलावरच धरून चालावं लागतं.

[दृश्य: वर्तमानपत्रातली बिदूची पट्टी]

मौरिसिओंचा जन्म 1935, ब्राझीलच्या साओ पाउलो राज्यातलं सांता इझाबेल. ‘फोल्या’ वृत्तसमूहात चित्रकाराची जागा मिळाली नाही, म्हणून मौरिसिओ गुन्हेवार्ताहर झाले. 18 जुलै 1959 ला बिदू या कुत्र्याची पहिली पट्टी तिथेच छापून आली. पुढे चित्रकारांच्या संघटनेचे अध्यक्ष या नात्याने देशी कॉमिक्ससाठी राखीव वाटा मागितला, कम्युनिस्ट असा शिक्का बसला आणि काम गेलं.

[दृश्य: छोट्या गावातला छापखाना, जुळारी खिळे लावताना]

इथून पुढचं त्यांचं काम चित्रांइतकंच मोलाचं, आणि त्याची चर्चा मात्र फार कमी होते. परदेशी पट्ट्या स्वस्त का पडायच्या? चित्र एकदाच काढलेलं, खर्च मूळ देशात वसूल झालेला, ब्राझीलमध्ये आलेला पैसा म्हणजे वरकमाई. स्थानिक चित्रकार एका पेपरला एक पट्टी विकून या भावाला टिकणं अशक्य. मौरिसिओंनी उत्तरही त्याच हिशेबात शोधलं: एक मूळ चित्र, त्यावरून लागतील तेवढे ब्लॉक, आणि गावोगावच्या छोट्या पेपरांना परवडेल असा दर. चित्रकाराने स्वतःच वितरक व्हायचं. हक्क अर्थातच स्वतःकडे.

[दृश्य: मोनिका निळा ससा गरगर फिरवतेय]

सेबोलिन्या हा त्यांचा मुलगा-पात्र 1960 चा. 3 मार्च 1963 ला त्याच्याच पट्टीत मोनिका आली, मौरिसिओंच्या मुलीवरून बेतलेली, आणि बघता बघता तिने पट्टी बळकावली. मे 1970 मध्ये तिचं मासिक ‘अब्रिल’ प्रकाशनाने काढलं: पहिल्याच अंकाच्या 2 लाख प्रती. प्रकाशक पुढे बदलले, 1987 ला ग्लोबो, 2007 ला पानिनी. पात्रं मात्र मौरिसिओंबरोबरच गेली.

[दृश्य: स्टुडिओतली टेबलं]

एवढी पानं एका हाताने होत नाहीत. इथे लेखक संहिता टाइप करून देत नाही. चौकटी पाडून, माणसं कच्ची रेखाटून, संवादासकट देतो. मग पेन्सिल, अक्षरं, शाई, रंग, प्रत्येक टप्प्याला वेगळा हात. संवादाचा फुगा आधी मोजावा लागतो; संवाद लांबला तर मोनिकाचं डोकं झाकलं जातं. सेबोलिन्या बोबडा, ‘र’ चा ‘ल’ करतो, पण शब्दाच्या शेवटी आलेला ‘र’ मात्र नीट उच्चारतो. नवखा लेखक हमखास इथे अडकतो.

[दृश्य: अंकाचं मुखपृष्ठ, त्यावर एकच सही]

या हातांची नावं अंकात छापली जायला कित्येक दशकं गेली.

[दृश्य: ‘मॅग्नेटार’ची पानं]

2012 मध्ये दानिलो बेरुथ यांनी मौरिसिओंचं अंतराळवीर हे पात्र ‘मॅग्नेटार’ या कॉमिक-पुस्तकात आपल्या पद्धतीने काढलं, गर्द सावल्या आणि बारीक रेघांसकट. त्या पुस्तकावर बेरुथ यांचं नाव आहे.