पहिल्या पायरीचा खर्च कोणी करायचा?

श्रोतेहो, नमस्कार.

मोटारशर्यतीत एखादं पोर पुढे येतं ते कशाच्या जोरावर? बहुतेक जण म्हणतील, हिमतीच्या. हिंमत लागतेच. पण या खेळाचा इतिहास चाळला तर दिसतं की ज्यांचा सुरुवातीचा खर्च कोणीतरी उचलला, तीच मुलं वर गेली. तरुण ड्रायव्हर घडवण्यासाठी मोठ्या कंपन्या पैसा लावतात, त्याविषयी आज बोलायचं आहे. ऐकणाऱ्यांत रत्नागिरी-सिंधुदुर्गातले आईवडील असतील, आणि कारखानदारही असतील. दोघांनाही सांगण्यासारखं आहे.

आधी फ्रान्सची गोष्ट. १९६७ साली तिथे एल्फ नावाची तेलकंपनी बाजारात उतरली. नाव नवं, कोणाच्या ओळखीचं नाही. लोकांच्या तोंडी नाव बसावं म्हणून कंपनीनं शर्यतींचं क्षेत्र धरलं. गाड्यांवर नाव रंगवणं तर झालंच, पण शर्यतीचं शिक्षण देणाऱ्या शाळांमधल्या विद्यार्थ्यांसाठी तिनं एक स्पर्धा लावली. जो पहिला येईल त्याच्या पुढच्या वर्षीच्या शर्यतींना कंपनीचं पाठबळ. १९७५ साली पॉल रिकार्ड ट्रॅकवर ही स्पर्धा ॲलेन प्रोस्ट नावाच्या वीस वर्षांच्या मुलानं जिंकली. वडिलांचा धंदा फर्निचरचा. पुढच्या वर्षी फॉर्म्युला रेनो या नवोदितांच्या मालिकेत एक सोडून बाकी सगळ्या शर्यती त्यानं मारल्या आणि १९८५ साली तो फॉर्म्युला वनचा पहिला फ्रेंच जगज्जेता झाला. पुढे आणखी तीनदा झाला. मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते असं, की कंपनीचा पैसा शाळेच्या दारापर्यंत आला होता. वर पोचलेल्याला हार घालायला तर सगळेच येतात.

नंतरच्या योजना बघा. मॅक्लारेन या फॉर्म्युला वन संघानं लुईस हॅमिल्टनला १९९८ साली, तेराव्या वर्षी, आपल्या पंखाखाली घेतलं. पण त्याआधीची कार्टिंगची, म्हणजे छोट्या उघड्या गाड्यांच्या शर्यतींची, वर्षं त्याच्या वडिलांनी एकाच वेळी दोन-तीन नोकऱ्या करून निभावली होती. रेड बुल या पेयकंपनीची तरुण ड्रायव्हरांसाठीची ज्युनियर टीम २००१ पासून आहे. तिनं सेबास्टियन फेटेल दिला, जो २०१० साली तेवीस वर्षांचा असताना जगज्जेता झाला. मॅक्स फेरस्टापन २०१५ साली सतराव्या वर्षी फॉर्म्युला वनमध्ये उतरला तो याच योजनेतून. पण याच योजनेतून ब्रेंडन हार्टलीला २०१० साली बाहेर काढलं. त्याच हार्टलीनं पोर्शेकडून २०१७ साली ले मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली. म्हणजे ज्याला काढलं तो कच्चा होता असं नाही. त्या घडीला कंपनीला हवं होतं ते त्याच्याकडून मिळालं नाही, एवढंच.

आपल्याकडे २०११ साली सहारा फोर्स इंडिया या फॉर्म्युला वन संघानं 'वन फ्रॉम अ बिलियन' नावाची देशव्यापी निवड केली. अर्जुन मैनी, तरुण रेड्डी आणि मुंबईचा जेहान दारूवाला असे तिघं त्यातून निवडले गेले. जेहान तेव्हा जेमतेम तेरा वर्षांचा. २०२० साली तो रेड बुल ज्युनियर टीममध्ये गेला, त्याच वर्षी फॉर्म्युला टूची, म्हणजे फॉर्म्युला वनच्या खालच्या पायरीची, शर्यत जिंकला. ज्या संघानं त्याला हेरलं, त्या संघाचं मात्र २०१८ साली दिवाळं निघालं. कंपनीचं बळ असतं तोवरच तिची योजना असते, हे आईवडिलांनी लक्षात ठेवावं.

आपल्या बागायतदारांना हा व्यवहार चटकन कळेल. बाग मोहोरावर असताना व्यापारी उचल देतो, फळ हाती यायच्या आत. त्यात त्याची जोखीम असते, म्हणून भाव आणि अटी तो आपल्या सोयीच्या लावतो. शर्यतीचा करारही तसाच. ऑस्कर पियास्ट्री या तरुण ड्रायव्हरचं प्रकरण घ्या. अल्पाइन या फॉर्म्युला वन संघानं त्याच्यावर खर्च केला, आणि २०२२ च्या ऑगस्टमध्ये तो पुढच्या वर्षी आपल्याकडून धावणार असं जाहीरही केलं. त्यानं त्याच दिवशी सांगितलं, मी सही केलेली नाही. वाद करारांची नोंद बघणाऱ्या मंडळापुढे गेला आणि निकाल मॅक्लारेनच्या बाजूनं लागला, कारण त्याची सही तिकडे होती. कोट्यवधींचा मामला, आणि शेवटी प्रश्न काय, तर कागदावर सही कोणाची, कधीची. म्हणून मुलाच्या हातात कागद आला की आधी वकिलाला दाखवा. करार किती वर्षांचा, मध्येच काढलं तर मुलाचं काय, पुढच्या कमाईत कंपनीचा वाटा किती, अपघाताचा विमा कोणाचा, हे विचारायला लाजू नका.

आता निवड करणारे बघतात काय? आयटीआयमध्ये इंजिनं शिकवण्यात माझी उमर गेली, म्हणून हे जरा सविस्तर सांगतो. कोल्हापूरला मोहिते रेसिंगचा कार्टिंग ट्रॅक आहे, राष्ट्रीय स्पर्धेच्या फेऱ्या तिथे झाल्या आहेत. आपल्याला आंबा घाट चढला की पोचता येतं. कार्टला सस्पेन्शन नसतं, दोन चाकांना वेगवेगळ्या गतीनं फिरू देणारं डिफरन्शियलही नसतं. मागची दोन्ही चाकं एकाच दांड्यावर घट्ट बसवलेली. वळणात बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, आतल्याला कमी, पण फिरतात दोन्ही सारखीच. त्यामुळे आतलं मागचं चाक क्षणभर उचललं गेलं तरच कार्ट वळते. नाही उचललं तर ती पुढून सरळ घसरत जाते. ते चाक उचलायचं कधी आणि टेकवायचं कुठे, यात सगळी करामत आहे.

तिथे चिपळूणकडचा एक बारा वर्षांचा मुलगा मी पाहिला. त्याचा एकही लॅप, म्हणजे ट्रॅकचा फेरा, त्या दिवसाचा सर्वांत वेगवान नव्हता. पण ओळीनं सगळे लॅप एकमेकांच्या दोन-तीन दशांश सेकंदांच्या आत. उतरल्यावर मेकॅनिकनं विचारलं, "कशी वाटली रे?" हेल्मेट काढत तो म्हणाला, "तिसऱ्या वळणात मागून सुटते, पण टायर तापल्यावरच. पहिले दोन लॅप काय नाय." मेकॅनिक लगेच टायरची हवा बघायला बसला. असं बोलणारा मुलगा निवड करणाऱ्यांना हवा असतो. गाडी काय करते ते त्याला कळतं, सांगता येतं, आणि तीच गोष्ट तो पुन्हा पुन्हा करू शकतो.

परशुराम घाटात किंवा हायवेवर मोटारसायकल पिळणाऱ्या मुलाला यातलं काहीच येत नसतं. वर २०१९ च्या कायद्यानं अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी सापडली तर पालकाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. वेगाची आवड असलेल्या पोराला ट्रॅकवर न्या, देशातल्या मोटारशर्यतींच्या फेडरेशनचं शर्यतीचं लायसन्स काढून द्या.

कार्टिंग परवडत नसेल तर दुचाकीचा मार्ग स्वस्त आहे. होंडाच्या इंडिया टॅलेंट कपमध्ये आणि टीव्हीएसच्या वन मेक स्पर्धेत सगळ्यांना कंपनीच्याच, एकसारख्या मोटारसायकली मिळतात. टीव्हीएसनं २०१६ पासून मुलींसाठीही वेगळा गट ठेवला आहे. शर्यती होतात त्या मुख्यत्वे चेन्नई आणि कोइमतूरला. एमआरएफ, टीव्हीएस तिकडच्या, ट्रॅक तिकडचे, मग ड्रायव्हरही तिकडचे जास्त. नारायण कार्तिकेयन, २००५ साली फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय, तिकडचाच.

म्हणून शेवटची विनंती आपल्या किनाऱ्यावरच्या उद्योजकांना. लोट्यापासून जयगडपर्यंत मोठे कारखाने आहेत. वर्षाला तीन-चार मुलांचा कार्टिंगचा हंगाम धरा: भाड्याची कार्ट, टायर, मेकॅनिक, प्रवेश फी आणि कोल्हापूरपर्यंतचं जाणं-येणं. निवड ट्रॅकवर, सारख्या कार्टमध्ये, सारखं वजन करून घ्या, म्हणजे ओळखीपाळखीला वाव राहणार नाही. मच्छीमाराच्या, रिक्षावाल्याच्या मुलालाही अर्ज करता आला पाहिजे. अट एकच घाला, शाळा सुटता कामा नये. आणि वर्षअखेरीला ज्याला पुढे नेणार नसाल, त्याला तसं समोर बसवून सांगा, कारणासकट.