पाय दाबला, गाडी उठली नाही

(दृश्य: धुळे, पारोळा रोड. मे महिन्यातली दुपार. पत्र्याच्या शेडखाली पांढरी पेट्रोल कार, बोनेट उघडं.)

अमळनेरचे एक गुरुजी सकाळपासून या शेडखाली बसलेत. हातात बिलांची पिशवी. तक्रार एवढीच: "भाऊ, मी पाय दाबस, पन गाडी उठस नही."

प्लग बदलून झालेत, इंजेक्टर धुऊन झालेत. फरक शून्य. मिस्तरींनी ती बिलं पाहिलीसुद्धा नाहीत. त्यांनी विचारलं, नेमकं कधी? जागेवरून निघताना, की ट्रकला मागं टाकताना? इंजिन गार असताना, की तापल्यावर? एसी चालू असतो का?

गुरुजी आठवून सांगतात. जागेवरून निघताना क्षणभर काहीच होत नाही, मग गाडी एकदम झटका देते. आणि हायवेवर ट्रकच्या मागं सापडलं की पाय तळाला टेकतो, तरी गाडी ढिम्म.

मिस्तरी म्हणाले, "या दोन तक्रारी आहेत, गुरुजी. तुम्ही एकच समजत होता."

(दृश्य: मिस्तरी एकेका चाकाजवळ हात नेतात.)

आधी इंजिनला निर्दोष सोडायचं. एखादं चाक जास्त तापलंय का? म्हणजे ब्रेक अडकलाय. रेस वाढते, आवाज वाढतो, पण वेग वाढत नाही? मग क्लच घसरतोय. इथं दोन्ही ठीक निघालं.

आता स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकाला जोडून त्याच्या नोंदी वाचणारं यंत्र. बिघाडाचा कोड एकही नाही आणि चेक इंजिनचा दिवाही लागलेला नाही. खूप जण इथंच थांबतात. पण कोड नाही याचा अर्थ बिघाड नाही असा होत नाही. संगणकाला काही खटकलेलं नाही, एवढंच त्यातून कळतं.

या गाडीत पेडलपासून इंजिनपर्यंत केबल नाही. पेडलच्या मुळाशी दोन सेन्सर आहेत आणि ते पायाची जागा व्होल्टेजमध्ये सांगतात. दोन का? एकानं चुकीचं सांगितलं तर दुसऱ्यावरून चोरी पकडता यावी म्हणून. दोघांचं जुळलं नाही की पी २१३८ सारखा कोड येतो आणि गाडी स्वतःच जोर आवरून धरते. ते दोघं काय सांगतात ते ऐकून संगणक हवेच्या वाटेवरची झडप उघडतो. ही झडप असते थ्रॉटल बॉडीत.

(दृश्य: स्कॅनरचा पडदा. इग्निशन चालू, इंजिन बंद.)

गुरुजींना सीटवर बसवून सांगितलं, हळूहळू दाबा, अगदी शेवटपर्यंत. पेडल किती दाबलंय त्याचा आकडा सलग चढला, मध्ये कुठंही तुटला नाही. सेन्सर चांगले आहेत. पण पाय तळाला टेकला आणि आकडा थांबला ७१ टक्क्यांवर.

मिस्तरी खाली वाकले. कंपनीच्या मॅटवर गुरुजींनी एक जाड रबरी मॅट टाकली होती. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल बुटाला किलोकिलोनं चिकटतो, हे खानदेशात कुणाला सांगायला नको. मॅट ओढून काढली. पुन्हा दाबा. ९८.

गुरुजी पिशवीतल्या बिलांकडे बघत राहिले. पाय टेकत होता तो मॅटला, पेडल अजून अर्धवटच होतं. आणि अशी मॅट पुढं सरकून पेडल दाबलेलंच अडकवू शकते. तो धोका तर कमी पिकअपपेक्षा कितीतरी मोठा.

राहिली पहिली तक्रार.

(दृश्य: हवेचा पाइप सुटतो. झडपेच्या कडेला काळं, चिकट कडं.)

इंजिनच्या पोटातली तेलाची वाफ पुन्हा हवेच्या वाटेत सोडलेली असते. तिच्यात बारीक धूळ मिसळली की काजळीचा लेप तयार होतो, आणि तो बसतो नेमका झडपेच्या कडेला. झडप थोडीशी उघडली असताना हवा जाते ती याच फटीतून. म्हणून त्रास निघताना होतो, वेगात जाणवत नाही. एअर फिल्टर काढला, तर घड्यांमध्ये कापसाचं तूस. गुरुजींच्या घराशेजारी जिनिंग आहे.

साफ करताना बॅटरीची तार काढलेली. स्प्रे थेट आत मारायचा नाही, कापडावर घ्यायचा. खरवडायचं नाही, कारण काही झडपांवर कारखान्यातला पातळ थर असतो. आणि बोटानं झडप जोरात ढकलायची नाही, मागं मोटरीचे नाजूक दाते आहेत.

साफ झाल्यावर गाडी उभ्या जागी जास्तच रेस घेऊ लागली. गुरुजी घाबरले. पण संगणकाला त्या काजळीची सवय झालेली असते, तो झडप जरा जादा उघडी ठेवत आलेला असतो. स्कॅनरवरून त्याला नवी जागा शिकवली आणि आरपीएमचा (इंजिनच्या मिनिटाला फेऱ्यांचा) काटा आठशेच्या आसपास येऊन बसला.

मध्येच एकानं विचारलं, पिकअप वाढवायला पेडलला लावायचं डबडं मिळतं, ते कसं? मिस्तरी हसले. ते डबडं पाय तीस टक्के दाबलेला असताना संगणकाला पन्नास सांगतं. इंजिन तेच, ताकद तीच. आणि मे महिन्यात ४५ अंशांची हवा १५ अंशांच्या हवेपेक्षा साधारण दहा टक्के विरळ असते, वर एसीचा भार. तेवढी सुस्ती उन्हाची, तिला पाना लागत नाही.

रावेरची केळी वाहणाऱ्या डिझेल गाड्यांचं गणित निराळं. तिथं जोर ठरतो डिझेलच्या मापावर. काळा धूर आणि फुसफुस आवाज आला, तर आधी टर्बोचा, म्हणजे इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या पंख्याचा, पाइप चाचपायचा.

(दृश्य: संध्याकाळ, लळिंगचा चढ. शेजारी किल्ल्याचा डोंगर.)

गाडी तिसऱ्या गिअरमध्ये. पुढं उसाची ट्रॉली. गुरुजी पाय दाबतात, आणि ट्रॉली आरशात दिसू लागते. ते काही बोलत नाहीत, फक्त एसी एक घर वाढवतात.

शेडवर परत आल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "माझी मॅट कुठंय?"

"डिकीत," मिस्तरी म्हणाले. "तिथंच राहू द्या."