बंदी नाही, पण पैसे कुठून पाठवायचे?

नमस्कार, श्रोतेहो.

एखाद्या देशावर व्यापारबंदी घालणारे एक वाक्य हमखास उच्चारतात: अन्न आणि औषधं यातून वगळली आहेत. ऐकायला बरं वाटतं. आज इराणच्या निमित्तानं त्या वाक्याची जरा झडती घेऊ या.

इराणनं अणुकार्यक्रमाला लगाम घालायचा आणि बदल्यात निर्बंध उठायचे, अशा अणुकरारातून मे 2018 मध्ये अमेरिका बाहेर पडली आणि नोव्हेंबरपर्यंत तेल, जहाजं, बँका, सगळ्यांवर निर्बंध परत आले. औषधांना कायद्यानं सूट होती. आता समजा, युरोपातल्या कंपनीला तेहरानच्या रुग्णालयाला कॅन्सरचं औषध विकायचंय. कुणाची ना नाही. पण पैसे यायचे कोणत्या वाटेनं? बँकांना अमेरिकेच्या दंडाची धास्ती. निर्बंध मोडले म्हणून बीएनपी पारिबा या फ्रेंच बँकेनं 2014 साली जवळजवळ 9 अब्ज डॉलर मोजले होते. मग चार पेट्या औषधांसाठी कुठला मॅनेजर सही करील? मीही केली नसती.

एपिडर्मोलिसिस बुलोसा नावाचा आजार आहे. त्यात नुसत्या घासण्यानं कातडी सुटते, आणि जखमेला चिकटणार नाही अशी खास पट्टी लागते. ती बनवणाऱ्या एका युरोपीय कंपनीनं निर्बंधांचं कारण देऊन इराणचा पुरवठा थांबवला. पट्टीवर बंदी नव्हतीच.

आपल्या बासमती निर्यातदारांनाही याची झळ बसली. आपण इराणचं तेल घेत होतो तोवर त्याचे रुपये युको बँकेत जमा व्हायचे आणि त्यातूनच तांदळाचे, चहाचे पैसे चुकते व्हायचे. मे 2019 पासून तेल बंद झालं. खात्यात नवे रुपये येईनात, आणि तांदळाची बिलं रखडू लागली.

हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानं 3 ऑक्टोबर 2018 रोजीच अमेरिकेला बजावलं होतं की औषधं आणि अन्नधान्याच्या वाटेतले अडथळे काढा, पैसे पाठवण्यातले अडथळेसुद्धा. अमेरिकेनं त्याच दिवशी, इराणशी झालेल्या ज्या 1955 च्या मैत्री कराराच्या आधारे इराणनं हा खटला भरला होता, तो करारच मोडीत काढत असल्याचं जाहीर केलं!

वाट निघतच नाही असं मात्र नाही. जानेवारी 2020 मध्ये स्वित्झर्लंडमार्गे एक व्यवहार झाला. कॅन्सरची आणि अवयवरोपणानंतर लागणारी सुमारे 23 लाख युरोंची औषधं इराणसाठी निघाली. या व्यवस्थेची मेख एवढीच, की पैसे पुढे पाठवले तर कारवाई होणार नाही, अशी हमी अमेरिकेच्या अर्थखात्यानं बँकेला दिली. निर्बंध लावले त्याच दिवशी ती देता आली असती. तिला लागले जवळजवळ पंधरा महिने.