इंगळीवर उजेड कसा टाकावा

नमस्कार मंडळी. मॅक्रोचा, म्हणजे अगदी जवळून काढायच्या फोटोंचा, विषय निघाला की पहिला प्रश्न लेन्सचा येतो. विंचवाच्या बाबतीत तो नंतरचा. इंगळी म्हणजे मोठा विंचू. ती काळी असते, तुकतुकीत असते आणि तिच्या पाठीचा प्रत्येक खंड वेगळा वळलेला असतो. तिच्यावर उघडा फ्लॅश मारला की मधोमध एक पांढरा जळका ठिपका उमटतो आणि भोवती सगळा काळोख. लेन्स कितीही महाग असली तरी चित्र हेच. म्हणून आजचा बराच वेळ मी उजेडाला देणार आहे.

त्याआधी, घरात कोणता विंचू चालेल ते ठरवू. आपल्याकडची जाड चिमट्यांची काळी इंगळी, जिला २०२० पासून डेक्कनोमेट्रस वंशात धरतात, नांगी मारण्यापेक्षा चिमट्यांवर भिस्त ठेवते. लाल विंचवाचं तसं नाही. त्याचं, म्हणजे हॉटेंटोटा टॅम्युलसचं, विष थेट हृदयावर घाला घालतं. कोकणात त्यापायी किती जीव जात होते आणि महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ करून किती वाचवले, हे आपण जाणतोच. तो विंचू घरात ठेवायचा नाही. अंगणात दिसला तर लांबून फोटो घ्या आणि तिथून हला. आफ्रिकेतला एम्परर विंचू साइट्स या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. वन्यजीव कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर असे प्राणी बाळगणाऱ्याला नोंदणी करावी लागते. कागद नसेल तर घेऊ नका.

आता डिफ्यूजर, म्हणजे फ्लॅशचा उजेड पसरवणारा पडदा. उजेड मऊ होण्यासाठी दोन गोष्टी लागतात: उजेडाचा पृष्ठभाग मोठा हवा आणि तो प्राण्याच्या जवळ हवा. स्टेशनरीच्या दुकानातली दुधी प्लास्टिकची फाइल घ्या, साधारण २० बाय २५ सेंटिमीटरचा तुकडा कापा आणि कमानीसारखा वाकवून लेन्सच्या वर बसवा, म्हणजे त्याची पुढची कड विंचवाच्या वर आठ-दहा सेंटिमीटरवर येईल. फाइल आणि फ्लॅश यांच्या मधे ट्रेसिंग पेपरचा दुसरा थर हवा. दोन थरांत तीन-चार सेंटिमीटर मोकळी जागा सोडा. बहुतेकांचं इथेच चुकतं. दोन्ही थर एकमेकांना चिकटवले तर फ्लॅशचा ठिपका तसाच पुढे झिरपतो, मग थर चार लावा की पाच. विंचवाच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या कार्डाचे तुकडे उभे केले की पायांखालची काळी सावलीही उजळते.

पोलरायझर, म्हणजे एकाच दिशेचा उजेड जाऊ देणारा फिल्टर, लावून चमक पूर्ण घालवता येते. फ्लॅशवर पोलरायझिंग फिल्म लावायची आणि लेन्सवरचा फिल्टर त्या फिल्मला आडवा, म्हणजे काटकोनात, फिरवायचा. पण दोन-तीन स्टॉप उजेड जातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) आणि इंगळी कोळशासारखी मंद दिसते. ओळख पटवण्यासाठीच्या फोटोला हे ठीक, एरवी मला पटत नाही. कवचाची थोडी झळाळी राहायलाच हवी, तिच्यामुळेच आकार कळतो.

कॅमेरा मॅन्युअलवर ठेवा: १/१६० सेकंद, आयएसओ २००, एफ/११. फ्लॅश बंद करून एक फोटो काढा. तो काळा आला पाहिजे, म्हणजे खोलीतला दिवा चित्रात घुसत नाही. मग फ्लॅश पूर्ण ताकदीच्या १/१६ पासून वाढवत न्या. टीटीएलवर, म्हणजे फ्लॅशच्या ऑटो मोडवर, राहिलात तर काळा प्राणी बघून कॅमेरा उजेड वाढवतो आणि इंगळी करडी येते. तिथे उणे एक स्टॉप द्या.

पूर्ण इंगळी चौकटीत बसवायची तर एपीएस-सी (फुल-फ्रेमहून लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर १:५ च्या आसपास, म्हणजे सेन्सरवर प्राण्याच्या एक पंचमांश आकाराची प्रतिमा पडेल असं, काम भागतं आणि एफ/११ ला पुढून मागे एक सेंटिमीटरहून थोडा जास्त भाग स्पष्ट मिळतो. पाठीवरच्या मधल्या डोळ्यांच्या जोडीसाठी १:१ वर गेलात की तोच स्पष्ट भाग एक मिलिमीटरहूनही कमी उरतो. एफ/१६ ने फारसं साधत नाही, कारण १:१ ला एफ/११ हाच प्रत्यक्षात एफ/२२ होतो आणि त्यापुढे बारीक तपशील विरघळू लागतो. त्यापेक्षा कॅमेरा पुढेमागे सरकवणाऱ्या रेल्वर अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरने पुढे सरकत पंधरा-वीस फोटो घ्या आणि ते एकात जोडा, म्हणजेच स्टॅकिंग करा. विंचू बराच वेळ निश्चल बसतो, म्हणून त्याच्यावर हे जमतं.

प्राण्याला थंड करण्यासाठी फ्रिजमध्ये ठेवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. प्राण्याला इजा होते, कवचावर दव धरतं आणि पाय आखडलेले दिसतात. वीस सेंटिमीटर उंच, गुळगुळीत भिंतींचा प्लास्टिकचा टब, त्यात माती आणि एक चपटा दगड, एवढं पुरतं. विंचवाला हाताने उचलू नका. पारदर्शक डब्याखाली घ्या आणि खालून कार्ड सरकवा. दहा-पंधरा मिनिटांत काम संपवा. पाठीवर पिल्लं असतील किंवा कात टाकणं चालू असेल, तर त्या दिवशी कॅमेरा बाहेर काढायचाच नाही.

अतिनील उजेडात विंचू हिरवट-निळा चमकतो, ते कवचाच्या वरच्या थरातल्या द्रव्यांमुळे. नुकती कात टाकलेला विंचू कवच घट्ट होईपर्यंत चमकत नाही. टॉर्च ३६५ नॅनोमीटरचा, काळ्या फिल्टरचा घ्या. ३९५ च्या स्वस्त टॉर्चचा जांभळा उजेड सगळ्या चित्रावर पसरतो. ट्रायपॉड, आयएसओ ८००, एफ/८ आणि एक ते चार सेकंद यांपासून सुरुवात करा. व्हाइट बॅलन्स डेलाइटवर पक्का ठेवा. खाली पांढरा कागद किंवा धुतलेलं कापड नको, ते विंचवाहून जास्त चमकतं. टॉर्चमध्ये डोकावू नका आणि फोटो घेतानाच तो लावा. विंचू उजेड टाळतो, आणि फार वेळ उजेडात ठेवला तर त्याची चमकही मंदावते.

भिंतीवरच्या उड्या मारणाऱ्या कोळ्यांना स्टॅकिंग नको, ते थांबतच नाहीत. काडी उभी धरा, कोळी टोकाकडे चढतो. तिथे आधीच फोकस करून ठेवा. त्याचे पुढचे मोठे डोळे म्हणजे बहिर्वक्र आरसे, त्यांत डिफ्यूजर जसाच्या तसा दिसतो. पहिला फोटो शंभर टक्के मोठा करून बघा. डोळ्यात पांढरा कडक ठिपका दिसला तर आतल्या थराच्या मधोमध ट्रेसिंग पेपरचा रुपयाएवढा तुकडा चिकटवा आणि पुन्हा घ्या.