छप्पर मिळाल्यानंतर
(माहितीपटाचं निवेदन)

(दृश्य: रात्र. दादर-परळ पट्ट्यातला उड्डाणपूल. खाली ओळीने झोपलेली माणसं.)

दुकानांची शटर खाली आली की या पुलाखाली जागा मोकळी होते आणि ज्याची त्याची पथारी ठरलेल्या जागी पडते. खांबाच्या आडोशाला कॅटरिंगवर जाणारी मुलं. त्यांच्या पलीकडे दोन कुटुंबं, मच्छरदाणीच्या दोऱ्या दुभाजकाच्या जाळीला बांधलेल्या. आणि अगदी टोकाला, दिव्याचा उजेड पोचत नाही तिथे, एकटे झोपणारे. यांतले बरेच जण दिवसभर राबतात. नाक्यावर बिगारी, लग्नात वाढपी, बाजारात हमाली, नाहीतर भंगार वेचणं. रोजचे पैसे रोज हातात येतात, रोज संपतात. मुंबईत खोली घ्यायची तर आधी डिपॉझिट लागतं, आणि ते या कमाईतून उभं राहत नाही.

28 फेब्रुवारी 2011 च्या रात्री जनगणनेचे प्रगणक अशाच जागांवर फिरले होते. पुलाखाली, जिन्याखाली, फलाटावर, रस्त्याकडेच्या मोठ्या पाइपांत, देवळांच्या मंडपात झोपलेली माणसं त्या एका रात्रीत मोजली गेली. मुंबईत 57 हजारांहून अधिक. महाराष्ट्रात 2 लाख 10 हजारांच्या वर. देशभरात 17 लाख 73 हजार. रखवालदाराने उठवलं म्हणून त्या रात्री दुसरीकडे गेलेला माणूस या आकड्यात असेलच असं नाही. काही बायका भीतीने रात्रभर चालत राहतात आणि दिवसा झोपतात. त्यांना कोण मोजणार?

(दृश्य: टॉर्च घेऊन चालणारे दोघे. एकाच्या खांद्यावर पिशवी.)

हे दोघे महापालिकेच्या बेघर निवाऱ्यातले काळजीवाहक. दादा आणि ताई, इथे सगळे एवढंच म्हणतात. दादा उभ्याने बोलत नाहीत. उकिडवे बसतात आणि टॉर्च स्वतःच्या पायांवर धरतात, समोरच्याच्या तोंडावर नाही.

"काका, झोपमोड केली. जेवलात का?"

निवाऱ्याचा विषय पहिल्या भेटीत निघत नाही. पायाची जखम बघायची, पट्टी बदलायची, गाव विचारायचं आणि उठायचं. काही दिवसांनी पुन्हा यायचं. एकेका माणसाशी ओळख व्हायला आठवडे लागतात, आणि हे काम कुठल्याही तक्त्यात भरता येत नाही.

इतका वेळ का लागतो? कारण "चला, गाडीत बसा" हे वाक्य फुटपाथवरच्या माणसाने आधी ऐकलेलं असतं. मुंबई भीक प्रतिबंधक कायदा 1959 सालचा. भीक मागणारा कोण, हे सांगताना तो कायदा उपजीविकेचं साधन दिसत नाही अशा अवस्थेत सार्वजनिक जागी फिरणाऱ्या माणसालाही भिकारी ठरवतो. हात पसरायचीही गरज नाही. पकडलेल्या माणसाला भिक्षेकरी गृहात एक ते तीन वर्षं ठेवता येतं आणि पुन्हा पुन्हा सापडला तर दहा वर्षांपर्यंत. हा कायदा दिल्लीलाही लागू होता. तिथल्या उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2018 मध्ये त्यातली भीक मागणं गुन्हा ठरवणारी कलमं रद्द केली. महाराष्ट्रात तो कायदा आहे. दिवसभर विटा वाहून रात्री पुलाखाली पडलेल्या माणसाला निवाऱ्याची गाडी आणि ती दुसरी गाडी यांतला फरक कुणीतरी समजावून सांगावा लागतो. दादा तेच करतात.

(दृश्य: जुनी छायाचित्रं. फुटपाथवरच्या झोपड्या, न्यायालयाची इमारत.)

या शहराने फुटपाथवरच्या माणसांना उचलून टाकायचा प्रयत्न पूर्वीही केला आहे. 1981 च्या पावसाळ्यात मुख्यमंत्री अंतुले यांनी त्यांच्या झोपड्या हटवून त्यांना गावी पाठवायचं जाहीर केलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका या खटल्याचा निकाल जुलै 1985 मध्ये लागला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं न्यायालय म्हणालं. माणूस फुटपाथवर राहतो कारण त्याचं काम जवळ असतं, हे न्यायालयाने लिहून ठेवलं. पण फुटपाथवर राहण्याचा हक्क दिला नाही. नोटीस देऊन झोपड्या हटवायची मुभा महापालिकेला राहिली.

निवाऱ्यांची गोष्ट पुढची. डिसेंबर 2009 मध्ये दिल्लीत भर थंडीत एक तात्पुरता निवारा पाडला गेला. अन्नाच्या हक्काचा खटला सर्वोच्च न्यायालयात 2001 पासून चालू होता. त्या खटल्यात न्यायालयाने नेमलेल्या आयुक्तांनी थंडीतल्या मृत्यूंबद्दल न्यायालयाला पत्र लिहिलं. 2010 मध्ये आदेश निघाले: मोठ्या शहरांत दर एक लाख लोकवस्तीमागे एक निवारा. तोही वर्षभर आणि चोवीस तास उघडा. 2013 मध्ये राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान आलं आणि बेघरांचे निवारे हा त्याचा एक भाग झाला. माणशी किमान पन्नास चौरस फूट जागा, पाणी, संडास, स्वयंपाकाची सोय. एकट्या बायका, वृद्ध, आजारातून उठलेले आणि मानसिक आजार असलेले यांच्यासाठी वेगळे निवारे.

2011 च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या 1 कोटी 24 लाख होती. हिशेब सरळ आहे, सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत. मुंबई त्याच्या निम्म्यावरही पोचलेली नाही.

(दृश्य: सकाळ. निवाऱ्याचं दार, आत लोखंडी पलंगांची रांग.)

आता आत येऊ. इमारत महापालिकेची, चालवायला एक संस्था. दारापाशी टेबल आणि टेबलावर हे रजिस्टर. नाव, वय, गाव, काम, आजार, सही किंवा अंगठा. शेवटच्या रकान्यात नातेवाइकांचा फोन. पानं उलटत जा, हा रकाना बहुतेक ठिकाणी कोरा आहे.

प्रत्येकाला एक पलंग, चादर, आणि कुलूप लागणारा कप्पा. पलंगापेक्षा कप्प्याला मागणी जास्त. रस्त्यावर झोपणाऱ्याचं सगळं उशाखाली असतं: कामाचे पैसे, मोबाइल, चपला, कागदपत्रं. एका रात्रीत ते चोरीला जातं किंवा अतिक्रमणवाल्यांच्या गाडीत जातं.

(दृश्य: एका म्हाताऱ्या माणसाचे हात. पिशवी सोडताहेत.)

हे काका सोलापूर जिल्ह्यातले. गिरणगावात हमाली करण्यात उमेदीची वर्षं गेली. पिशवीच्या आत पिशवी, तिच्या आत आणखी एक, आणि त्यात रबर लावलेला कागद. शाळा सोडल्याचा दाखला. घडीवर फाटलेला, मागून चिकटपट्टी लावलेला. गावाचं नाव आणि जन्मतारीख तेवढी वाचता येते. आधार कार्ड नाही, रेशनकार्ड नाही, बँकेत खातं नाही. या एका कागदावर पुढचं सगळं उभं करायचं आहे.

ते कसं करतात, बघा. निवाऱ्याचे व्यवस्थापक आधी लेटरहेडवर दाखला देतात, ही व्यक्ती इथे राहते म्हणून. मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखाचा दाखला आधारसाठी चालतो. आधार केंद्रावर बोटांचे ठसे घ्यायचे, तर आयुष्यभर ओझी वाहिलेल्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत. हात धुऊन पुन्हा, ओल्या फडक्याने पुसून पुन्हा, मग डोळ्यांच्या स्कॅनवर काम भागवायचं. आधार आलं की बँक खातं. खातं आलं की संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज. तिथे महाराष्ट्रात किमान पंधरा वर्षं राहत असल्याचा पुरावा मागतात. ज्याने ती वर्षं फुटपाथवर काढली, त्याच्याकडे पुरावा कुठून असणार? मग ताई जुन्या मुकादमाला शोधतात, गावच्या तलाठ्याला फोन लावतात, तहसील कचेरीत तीच फाइल घेऊन पुन्हा जातात.

(दृश्य: रात्री पुलाखाली, गळ्यात ओळखपत्र घातलेला कर्मचारी वहीत लिहितो.)

मतदार यादीचं काम तुलनेने सोपं आहे, कारण निवडणूक आयोगाने त्याची वाट मोकळी ठेवली आहे. बेघर माणसाने अर्ज केला तर पत्त्याचा कागदी पुरावा लागत नाही. मतदान केंद्राचा अधिकारी, बीएलओ, अर्जात लिहिलेल्या जागी रात्री जातो, एकापेक्षा जास्त वेळा, आणि माणूस खरोखर तिथे झोपतो का ते बघून येतो. खांबाचा नंबर हाच पत्ता. ही तरतूद पुलाखालच्या माणसांना कुणी सांगितलेली नसते. ज्यांना कळलं ते अर्ज भरतात. या दृश्यातल्या तरुणाने भरला आहे.

(दृश्य: औषधांचा ट्रे. चिठ्ठ्या लावलेले छोटे डबे.)

सकाळी आठ वाजता हा ट्रे फिरतो. साखर, रक्तदाब, फिट, आणि क्षयरोग. क्षयरोगाचा साधा उपचार सहा महिन्यांचा, त्यात खंड पडून चालत नाही. फुटपाथवर तो पडतोच. पाऊस येतो, जागा हलते, गोळ्या भिजतात. उपचार चालू असेपर्यंत सकस आहारासाठी सरकार महिन्याला 1000 रुपये देतं, नोव्हेंबर 2024 पूर्वी ते 500 होते. पण पैसे जातात बँक खात्यात. म्हणजे पुन्हा तोच दाखला, तेच आधार, तोच पत्ता. इथे काळजीवाहक समोर उभं राहून गोळी घ्यायला लावतात. "मावशी, पाणी प्या आधी. हां, आता गिळा."

(दृश्य: महिलांच्या निवाऱ्याचा व्हरांडा. दोरीवर साड्या, पायरीवर लसूण सोलणारे हात.)

महिलांच्या निवाऱ्यात कॅमेरा व्हरांड्यापर्यंतच आहे, तसं ठरलं होतं. नवऱ्याच्या मारापासून पळून आलेल्या इथे आहेत. मुलगा-सुनेने स्टेशनवर सोडलेल्या आहेत. आणि काही जणी अशा आहेत, ज्यांना आपलं गावच आठवत नाही.

त्यांच्यासाठी मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 महत्त्वाचा. मानसिक आजाराने भरकटलेली व्यक्ती सापडली तर तिला संरक्षण देऊन चोवीस तासांच्या आत सरकारी दवाखान्यात तपासणीला नेणं, घरच्यांचा शोध घेणं, ही पोलिसांची जबाबदारी आहे. ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. उपचार होतो, बाई बरी होते. नंतर? घरच्यांनी दार लावून घेतलं असेल तर केवळ त्या कारणाने तिला रुग्णालयात ठेवून घेता येत नाही. समाजात राहता यावं म्हणून शासनाने तिला आधार द्यायचा, मधल्या टप्प्याची घरं उभी करायची, असं हाच कायदा सांगतो. चार-पाच जणी, साधं भाड्याचं घर आणि सोबतीला एक काळजीवाहक. अशी घरं फार थोडी आहेत. म्हणून या व्हरांड्यात त्या वर्षानुवर्षं थांबतात.

आणि पुलाखालची ती दोन कुटुंबं? ती इथे येणार नाहीत. नवरा पुरुषांच्या निवाऱ्यात, बायको लेकरांसह दुसऱ्या टोकाच्या महिला निवाऱ्यात, असं कोण स्वीकारेल? आम्हीही स्वीकारलं नसतं. कुटुंबांचे निवारे वाढवल्याशिवाय त्यांना "येत नाहीत" म्हणायचा कुणालाही हक्क नाही.

(दृश्य: दादा फरशी पुसताहेत. भिंतीवर पाळ्यांचा तक्ता.)

आता या माणसांविषयी. आठ-आठ तासांच्या पाळ्या. काळजीवाहक फरशी पुसतात, भांडणं सोडवतात, रात्री अडीचला एखाद्याला रिक्षात घालून केईएम रुग्णालयात नेतात, पोलीस चौकीत साक्ष देतात, आणि कुणी गेलं तर बेवारस म्हणून नोंद होऊ नये यासाठी धावपळ करतात. हाताला येणारा पगार तुटपुंजा. वरून पैसे उशिरा उतरले की पहिला फटका त्यांनाच. निवाऱ्याचं छप्पर एकदा घातलं की उद्घाटनाचा फोटो निघतो. माणसांचा खर्च मात्र दर महिन्याला करावा लागतो आणि त्याचा फोटो निघत नाही. नोव्हेंबर 2016 मध्ये बेघरांच्या निवाऱ्यांविषयीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती कैलाश गंभीर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, कारण बेघरांसाठी आलेला मोठा निधी राज्यांनी वापरलाच नव्हता. फेब्रुवारी 2025 मध्ये त्याच खटल्यात केंद्राने सांगितलं, शहरी दारिद्र्य निर्मूलनाची नवी मोहीम आखली जात आहे आणि त्यात बेघरांचा निवाराही आहे. तिच्यात काळजीवाहकांच्या वेतनाची तरतूद वेगळी आणि आधी व्हायला हवी, ही आमची मागणी आहे.

(दृश्य: काका बँकेच्या काउंटरवर. पासबुक हातात.)

काकांचं खातं उघडलं. अनुदानाचा अर्ज तहसीलमध्ये आहे. ते रोज सकाळी नाक्यावर जातात, काम मिळालं तर करतात. इथून बाहेर पडून भाड्याच्या खोलीत गेलेले काही आहेत, परत पुलाखाली गेलेलेही आहेत.

(दृश्य: वॉर्ड ऑफिसची पाटी, नागरिकांची रांग.)

तुमच्या भागात एकटे वृद्ध रस्त्यावर दिसले तर 14567 ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, मुलांसाठी 1098, आणि तातडीच्या वेळी 112. तुमच्या वॉर्ड ऑफिसात जा आणि लेखी विचारा: या वॉर्डात निवारा किती, महिलांसाठी किती, कुटुंबांसाठी आहे का, आणि तिथल्या काळजीवाहकांचा पगार कधीपर्यंतचा झाला आहे?