फुप्फुसाच्या तळाशी काय वाजतंय?

[दृश्य : कॅज्युअल्टीतली खाट. रुग्ण उशीला टेकून बसलेला, पाठीवर स्टेथोस्कोप.]

छातीत दुखतंय, दमही लागलाय. ईसीजी निघतोय तोवर मुलगा फाइल पुढे करतो : "डॉक्टर, बाबांचं पंपिंग आधीपासूनच तीस टक्के आहे." म्हणजे हार्ट फेल्युअर : हृदयाची रक्त ढकलण्याची ताकद आधीच कमी.

अशा हृदयाला आता हार्ट अटॅकही आलाय का, हे निदानच अवघड होतं. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन म्हणजे ट्रोपोनिन. हार्ट फेल्युअरमध्ये ते एरवीही थोडं वाढलेलं असू शकतं. म्हणून काही तासांत पुन्हा रक्त घेऊन आकडा हलतोय का ते बघतात. ईसीजीत लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक (हृदयाच्या डाव्या बाजूच्या विद्युतमार्गातला अडथळा) असेल, तर अटॅकची खूण त्याच्याआड दडते. अशा वेळी हा ब्लॉक जुनाच का, हे सांगणारा, घरच्यांनी जपलेला जुना ईसीजी लाखमोलाचा. पण तो नेमका घरीच राहिलेला असतो!

[दृश्य : स्टेथोस्कोप पाठीच्या खालच्या भागात सरकतो.]

१९६७ साली थॉमस किलिप आणि जॉन किंबॉल यांनी न्यूयॉर्कमध्ये हार्ट अटॅकच्या २५० रुग्णांची प्रतवारी केली, ती मुख्यतः अशा तपासणीवर. हार्ट फेल्युअरची खूण नसलेल्यांत ६ टक्के दगावले. फुप्फुसाच्या तळाशी बुडबुड्यांसारखा आवाज असलेल्यांत १७. फुप्फुसं पाण्याने भरलेल्यांत ३८. शॉकमध्ये, म्हणजे हृदय पुरेसं रक्त ढकलू न शकल्याने बीपी कोसळलेल्या अवस्थेत गेलेल्यांत ८१. आज मृत्यू बरेच कमी झालेत. प्रतवारी मात्र टिकून आहे.

बुडबुड्यांचा तो आवाज आला, की हात आखडावा लागतो तो बीटा ब्लॉकरच्या, म्हणजे हृदयाची गती आणि जोर कमी करणाऱ्या औषधाच्या इंजेक्शनवर. गोळीच्या रूपात हार्ट फेल्युअरमध्ये हेच औषध आयुष्य वाढवतं, म्हणून गफलत सहज होते. चीनमध्ये सुमारे ४६ हजार रुग्णांवर झालेल्या, २००५ साली प्रसिद्ध झालेल्या 'कमिट' चाचणीत अटॅक येताच मेटोप्रोलोल हे बीटा ब्लॉकर शिरेतून दिलं. पुन्हा अटॅक येणं कमी झालं, पण शॉक वाढला. एकूण मृत्यू घटले नाहीत.

[दृश्य : कॅथ लॅबचं, म्हणजे अँजिओप्लास्टीच्या खोलीतलं अरुंद टेबल.]

अँजिओप्लास्टीसाठी (बंद रक्तवाहिनी फुग्याने उघडण्यासाठी) आडवं झोपावं लागतं, आणि फुप्फुसात पाणी साठलेल्या या रुग्णाला तेच जमत नाही. म्हणून लघवी वाढवणारं इंजेक्शन, तोंडावर घट्ट मास्क लावून दाबाने हवा. बीपी चांगलं असेल तर रक्तवाहिन्या सैल करणारं नायट्रोग्लिसरीन.

शॉक असेल तर मात्र रक्तवाहिनी उघडायला थांबायचं नाही. १९९९ च्या 'शॉक' चाचणीत आधी औषधांवर स्थिर करू म्हणून थांबवलेल्यांपैकी ६३ टक्के सहा महिन्यांत दगावले. लगेच अँजिओप्लास्टी किंवा बायपासला नेलेल्यांपैकी ५०.