मनगटापाशी वळवलेला प्रवाह

(दृश्य : पहाट, एसटीचा थांबा, बाही सारलेला डावा हात)

पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यातल्या एका गावाहून सकाळी सहाच्या एसटीने निघालेले हे शेतकरी आठच्या सुमारास तालुक्याच्या डायलिसिस केंद्रात, म्हणजे निकामी मूत्रपिंडांऐवजी मशीनने रक्त शुद्ध करण्याच्या ठिकाणी, पोहोचतात. त्यांच्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत जी जाड, वळणदार शीर उठून दिसते आहे, ती जन्मापासून अशी नव्हती. मनगटाजवळ तिला शेजारच्या धमनीशी जोडण्यात आले, आणि त्यानंतर तिला हा आकार कोणत्याही औषधाने नव्हे, तर तिच्यातून वाहणाऱ्या रक्ताने दिला आहे. धमनी आणि शिरेच्या या जोडाला एव्ही फिस्टुला म्हणतात.

(दृश्य : मशीनचा फिरता पंप, लाल नळ्या)

हा पंप मिनिटाला सुमारे ३०० मिलिलिटर रक्त ओढतो. चार तासांत ७२ लिटर रक्त या नळ्यांतून जाते. म्हणजे अंगातले जेमतेम पाच लिटर रक्त पुन्हा पुन्हा चाळणीतून काढले जाते. हातावरची साधी शीर एवढा प्रवाह देऊ शकत नाही. धमनीत जोर असतो, पण ती खोल असते, आणि आठवड्यातून दोनतीनदा तिला जाड सुई टोचणे धोक्याचे असते. १९६० साली अमेरिकेतल्या सिएटल येथे डॉ. स्क्रिब्नर यांनी टेफ्लॉनच्या नळ्या हाताबाहेर ठेवून पहिला मार्ग काढला, परंतु त्या नळ्यांत गाठी धरत आणि जंतुसंसर्ग होई. १९६६ साली न्यूयॉर्कच्या ब्रेशिया, चिमिनो, अपेल आणि हर्विच या डॉक्टरांनी बाहेरची नळीच वगळली आणि रुग्णाची स्वतःची शीर त्याच्याच धमनीला जोडण्याची पद्धत प्रसिद्ध केली. आज तालुक्यातल्या या खाटेवर जो हात दिसतो, तो त्याच पद्धतीचा आहे.

(दृश्य : शस्त्रक्रियागृह, भिंगाचा चष्मा लावलेले सर्जन)

या शस्त्रक्रियेला पूर्ण भूल लागत नाही. मनगटाच्या वर दोनतीन सेंटिमीटरची चीर घेतली जाते, अंगठ्याच्या बाजूने वर जाणारी शीर मोकळी केली जाते, तिचे खालचे टोक कापून धमनीच्या कुशीत केलेल्या छोट्या फटीला केसासारख्या बारीक धाग्याने शिवले जाते. दोन मिलिमीटरहून बारीक शीर सहसा निवडली जात नाही. टाके पूर्ण झाल्यावर चिमटे सोडले जातात, तो क्षण आपण आता पाहत आहात : निपचित पडलेली शीर एकदम भरते आणि सर्जनच्या बोटाखाली थरथरू लागते. मनगटाच्या धमनीतून एरवी मिनिटाला वीस-तीस मिलिलिटर रक्त जाते, कारण पुढे बोटांतल्या सूक्ष्म केशवाहिन्या त्याला अडवून धरतात. जोड झाल्याबरोबर त्या अडथळ्याला वळसा मिळतो आणि तोच आकडा काही मिनिटांतच दोनशे-तीनशेवर जातो. ध्वनिलहरींनी रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या डॉपलर यंत्राच्या पडद्यावर पूर्वी हृदयाच्या ठोक्यांमध्ये प्रवाह जवळजवळ थांबत असे. आता हृदय विसावते तेव्हाही तो चालूच राहतो.

येथून पुढचे काम सर्जनच्या हातात नसते, आणि या चित्रफितीत सर्वाधिक वेळ आम्ही त्यालाच दिला आहे.

रक्त वाहताना शिरेच्या आतल्या अस्तराला आपल्यासोबत पुढे ओढत असते. या ओढीला शास्त्रीय भाषेत कर्तन प्रतिबल म्हणतात. अस्तराच्या पेशींना ती ओढ जाणवते. ती अचानक वाढली की पेशी नायट्रिक ऑक्साइड सोडतात, भिंतीतले स्नायू सैलावतात आणि शीर रुंद होते. हा वायू रक्तवाहिन्यांत निरोप्याचे काम करतो, हे दाखवणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना १९९८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पुढच्या आठवड्यांत भिंतीतले जुने तंतू मोडून नवे घातले जातात आणि तात्पुरती रुंदी कायमची होते. यात एक विलक्षण हिशेब आहे. ओढ प्रवाहाच्या प्रमाणात वाढते, परंतु व्यास वाढला की त्याच्या घनाच्या प्रमाणात घटते; म्हणजे प्रवाह आठपट झाला आणि शिरेचा व्यास दुप्पट झाला, तर ओढ मूळच्या जागी येते. शीर हा हिशेब जुळेपर्यंत रुंदावत राहते. दुसरीकडे धमनीचा दाब भिंतीला आतून ताणतो, त्यामुळे भिंत जाड होते, आणि म्हणूनच ती पुढे वर्षानुवर्षे सुई सोसू शकते. सहा आठवड्यांनी प्रवाह मिनिटाला ६०० मिलिलिटर, व्यास सहा मिलिमीटर आणि कातडीपासूनची खोली सहा मिलिमीटरच्या आत, अशी सहाची सोपी खूण डायलिसिसच्या कर्मचाऱ्यांना तोंडपाठ असते.

(दृश्य : पूर्णेचे वळण, आतल्या काठावरचा गाळ)

मात्र वाहते रक्त सर्व ठिकाणी सारखे वागत नाही. नदीच्या या वळणावर बाहेरचा काठ खचतो आणि आतल्या काठाशी, जिथे पाणी मंदावते, तिथे गाळ बसतो. जोडलेली शीरही जोडापासून पहिल्या काही सेंटिमीटरांत अशीच वळण घेते. त्या वळणाच्या आतल्या बाजूला रक्त सरळ न जाता घोटाळते, क्षणात पुढे तर क्षणात मागे होते, आणि तिथे भिंतीला मिळणारी ओढ मंद आणि उलटसुलट असते. फरक एवढाच की येथे गाळ बाहेरून येत नाही; भिंतीतल्या स्नायूपेशी आतल्या अंगाला सरकून वाढू लागतात आणि वाट आतून अरुंद होते. नळीची त्रिज्या निम्मी झाली की अडथळा सोळापट होतो, त्यामुळे डोळ्यांना किरकोळ वाटणारे अरुंदपण मशीनवर मात्र लगेच जाणवते. मनगटाच्या फिस्टुलात अरुंद होण्याची नेहमीची जागा हीच आहे.

(दृश्य : हातावरचे जुने व्रण, सलाईनची बाटली)

याहून आधीची एक गोष्ट येथे सविस्तर सांगणे आम्हाला आवश्यक वाटते. अशक्तपणा आला, ताप आला, उन्हात चक्कर आली की गावात सलाईन लावून घेण्याची रीत आहे, आणि सलाईनची सुई बहुधा डाव्या हाताच्या याच शिरेत जाते, कारण ती सापडायला सोपी असते आणि उजवा हात कामाला मोकळा राहतो. प्रत्येक सुईने अस्तर दुखावते. वारंवार दुखावलेली शीर आतून कडक होते, कुठे बुजते. मग उत्तम शिवलेल्या जोडातून भरपूर रक्त आले, तरी ओढ ओळखणारे अस्तरच शिल्लक नसल्याने शीर रुंद होत नाही. मूत्रपिंडे निकामी होत चालल्याचे तपासणीत दिसले, त्याच दिवसापासून डाव्या हाताच्या शिरा राखून ठेवल्या पाहिजेत, आणि डायलिसिस लागण्याच्या काही महिने आधी फिस्टुला झाला पाहिजे. उजव्या पंजाच्या मागच्या बाजूला सुई लावणे कोणत्याही दवाखान्यात शक्य आहे.

प्रवाह फार वाढला तर हृदयावर भार येतो आणि बोटांकडचे रक्त वळल्याने पंजा थंड पडू शकतो; असे दिसल्यास डॉक्टरांकडे ताबडतोब जावे लागते.

(दृश्य : परिचारिका, स्टेथोस्कोप, वर उचललेला हात)

परिचारिका प्रथम तळवा ठेवून थरथर पाहते, मग स्टेथोस्कोपने आवाज ऐकते. चांगला फिस्टुला सलग घुमतो. आवाज तीक्ष्ण झाला आणि बोटाखाली थरथरीऐवजी ठोके आदळू लागले, तर पुढे कोठेतरी वाट अडली आहे असे समजावे. हात डोक्यावर उचलला की निकोप शीर बसते. फुगलेलीच राहिली तरी संशय तोच. वेळेवर कळले, तर शिरेत घालून फुगवलेल्या छोट्या फुग्याने वाट पुन्हा रुंद करता येते, अर्थात त्यासाठी मोठ्या शहरात जावे लागते. या शेतकऱ्यांना यंत्राची गरज नाही. ते रोज रात्री मनगट कानाशी धरतात आणि घरच्यांना दोनच शब्द सांगतात, ‘हात वाजते.’ मे महिन्यात ते अधिक दक्ष असतात, कारण डायलिसिसनंतर रक्तदाब उतरलेला असताना उन्हाने तो आणखी उतरला, तर प्रवाह मंदावतो आणि गाठ धरू शकते. त्या हातावर ते घड्याळ बांधत नाहीत, थैली कोपरात अडकवत नाहीत, रक्तदाबही मोजू देत नाहीत.

(दृश्य : दुसऱ्या खोलीत डॉपलरची तपासणी, हातावर शाईची रेघ)

या ताईंना अजून डायलिसिस लागलेले नाही. त्यांच्या डाव्या हाताची शीर आज मोजली गेली, ती अडीच मिलिमीटर भरली, आणि सर्जनने शाईने तिची वाट आखून दिली आहे. त्यांच्या हातात दिलेला रबरी चेंडू शस्त्रक्रियेची जखम भरल्यावर दाबण्यासाठी आहे. शस्त्रक्रिया पुढच्या आठवड्यात होईल. या शिरेत पहिली सुई त्यानंतर किमान सहा आठवड्यांनी जाईल.